हैदराबादचा तंबाखूचा कारखाना आणि पान पिकविणारा

तंबाखू हें आमच्या औंढा तालुक्याचें मुख्य पीक नव्हे. येथील शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर व हळद यांवर जगतो. असें असतां शेतकऱ्यांच्या मासिकांत तंबाखूच्या एका कारखान्याची हकीकत कां द्यावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्यास उत्तर इतकेंच कीं, शेतांतील मालास नांव मिळाल्यावर त्याचें मोल किती वाढतें आणि तें वाढलेलें मोल कोणाच्या पदरांत पडतें, हें या हकीकतीवरून चांगलें कळून येतें. शिवाय हा कारखाना आम्हांस अगदींच परका नव्हे. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व हा कारखाना त्याच राज्याच्या राजधानींत निघाला.

तंबाखू या देशांत पोर्तुगीजांनीं आणली. दक्षिणेंत ती इतकी लौकर रुजली कीं, १६०५ च्या सुमारास असद बेग नांवाच्या मोगल अधिकाऱ्यानें ती विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारीं नेली. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तिजवर बंदी घातली. परंतु ती बंदी टिकली नाहीं. हुक्का, चिलीम, विडी, तपकीर व चुना-तंबाखू या रूपांनीं तिचा खप वाढतच गेला. यंत्रावर वळलेली सिगारेट मात्र विलायती भांडवलाबरोबर आली. १९१० सालीं कलकत्त्यास इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या काळांत गुंटूरकडे व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूची लागवड पसरली.

अशा वेळीं हैदराबादेंत वझीर सुलतान यांच्या नांवानें तंबाखूची कंपनी निघाली. ‘वझीर सुलतान टोबॅको कंपनी लिमिटेड’ या नांवानें तिची नोंदणी १० नोव्हेंबर १९३० रोजीं, संस्थानच्या १३२० फसलीच्या कंपनी कायद्यान्वयें झाली. आमच्या तालुक्यांतील जुन्या महसुली कागदांतहि हाच फसली सन आढळतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो, अर्थात् तो कायदा १९१०-११ चा होय. त्या काळीं संस्थानाचें नाणें निराळें, जकात निराळी व कायदेहि निराळे होते. कारखाना आझमाबाद येथें उभा राहिला. कंपनीच्या प्रसिद्ध सिगारेटीस नांव दिलें ‘चारमिनार’, व पाकिटावर छापलें त्याच इमारतीचें चित्र. १५९१ सालीं बांधलेली ही इमारत निरक्षर मनुष्यहि चित्रावरून ओळखी. त्यामुळें दुकानांत माल मागण्यास अक्षरांची गरज उरली नाहीं. माल कडक व स्वस्त, तेव्हां मजूर, कारकून व विद्यार्थी असा सर्व वर्ग तिचा गिऱ्हाईक झाला. तिचें नांव बंगालपर्यंत पोंचलें. सत्यजित राय यांच्या कथांतील गुप्तहेर फेलूदा हाहि चारमिनारच ओढतो.

आतां धंद्याची रीत पाहूं. व्हर्जिनिया तंबाखूचें हिरवें पान तोडून बंद कोठारांत नळ्यांच्या उष्णतेनें वाळवितात. मग रंग, डाग व झाडावरील जागा पाहून पानांची प्रतवारी लागते. कारखानदार तें पान घेऊन त्यांतील शीर वेगळी करवितो, ओलावा बेताचा ठेवून पुनः वाळवितो, व गांठी बांधून मुरण्यासाठीं गोदामांत ठेवितो. निरनिराळ्या ठिकाणचें व निरनिराळ्या सालचें पान अशा बेतानें मिसळतात कीं, गिऱ्हाइकास या वर्षींची सिगारेट गतवर्षींहून वेगळी लागूं नये. धंद्याचें मर्म येथें आहे. पीक दरवर्षीं बदलतें. पाकीट बदलत नाहीं. पाऊस कमी-अधिक झाल्याचा फेरा शेतकऱ्यास एकट्यास सोसावा लागतो. कारखानदार मात्र मागील सालच्या साठ्यानें तो भरून काढितो.

यांत सरकारचाहि मोठा वांटा असे. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९४३ सालीं तंबाखूच्या पानावरच अबकारी कर बसला. पिकविणारास नोंद, साठविणारास परवाना, आणि वजनांत तफावत आली तर जाब, अशी ती व्यवस्था होती. कच्च्या पानावरील हा कर १९७९ सालीं उठला. व्हर्जिनिया तंबाखूसाठीं १ जानेवारी १९७६ पासून गुंटूर येथें तंबाखू मंडळ स्थापन झालें व १९८४ सालीं त्याचे लिलाव सुरू झाले. तेव्हांपासून भाव उघड्यावर बोलला जाऊं लागला. त्याआधीं प्रत ठरविणारा व माल घेणारा बहुधा एकच असे. अशा सौद्यांत पिकविणाराचें काय चालणार?

कंपनीनें १९८३ सालीं नांव पालटून ‘व्हीएसटी इंडस्ट्रीज’ असें घेतलें. ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको या विलायती कंपनीकडे तिचे सुमारें एक-तृतीयांश भाग आहेत. २००१ सालीं मुंबईचे गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनीं भागधारकांकडून भाग घेण्याची जाहीर तयारी दाखविली, तेव्हां आयटीसीच्या बाजूनेंहि तशीच मागणी आली व दोहोंत चुरस लागली. एका नांवासाठीं धनवान एवढे झटतात, परंतु त्या नांवामागील पान पिकविणारा त्या चढाओढींत कोठेंच नसतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

येथें कोणी असें समजूं नये कीं, आम्ही तंबाखूची भलामण करीत आहों. धूम्रपानानें फुप्फुसाचा कर्करोग होतो, असें १९५० पासूनच्या संशोधनानें निःसंशय सिद्ध झालें आहे. १९७५ च्या कायद्यानें पाकिटावर इशारा आला, २००३ चा कायदा त्याहून कडक झाला, आणि २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानें व चित्रानें व्यापिला आहे. ज्या चित्राच्या बळावर माल खपला, त्या चित्रास आतां पाकिटावर फारशी जागाच राहिली नाहीं. आपल्या घरांत ही संवय असेल त्यानें ती मुलांपर्यंत जाऊं देऊं नये, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

माल वाईट असला तरी धंद्याची रीत शिकण्याजोगी असूं शकते. आपल्या जिल्ह्याची हळद पाहा. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे नांव आपल्या गांठीं आलें. परंतु नांव सांभाळावयाचें तर प्रत सारखी हवी. हळद कोणी कमी शिजवितो, कोणी ओली विकतो, कोणी कुजके कंद चांगल्यांत मिसळतो. मग तें नांव किती दिवस टिकेल? शिजविणें, वाळविणें, पॉलिश व प्रतवारी हीं कामें गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन एकाच रीतीनें करावीं, कांहीं माल गोदामांत राखून ठेवावा, व पोत्यावर आपलें नांव घालावें. हें काम आपण केलें नाहीं, तर उद्यां कोणी दुसरा आपल्या हळदीवर स्वतःचें चित्र छापील, आणि आपणांस केवळ वजनाचे पैसे मिळतील. पिकविणारानें आपल्या मालाचें नांव दुसऱ्याच्या हातीं देऊं नये, एवढीच आमची बांधवांस विनंति आहे.