चहात काहीतरी घालतात

सकाळी ८

ओव्हर, म्हणजे रात्रीच्या सिस्टरकडून वॉर्डाचा ताबा, घेताना माझा पहिला प्रश्न झोपेचा असतो. कोण किती वाजता झोपलं, मधे किती वेळा उठलं, पहाटे कधी जागं झालं. मॅनियातली बाई दोन तास झोपते आणि ताजीतवानी उठून भांडायला तयार असते. ती चार तासांवर आली की बडबड तशीच चालू असली तरी औषध लागू पडायला लागलंय असं समजायचं. नैराश्यातली बाई पहाटे तीनलाच जागी होते आणि पुढचा वेळ तिला खायला उठतो. रात्रीच्या सिस्टरने डोळ्यात तेल घालायचं ते तेव्हा.

हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि त्यातली ही बायकांची बाजू. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांशी लोक आमची गल्लत करतात. आमच्याकडे बाई येते ती आजार ऐन भरात असताना, अनेकदा आयुष्यात पहिल्यांदाच. सोबत घरचं एक माणूस राहतं आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेकजणी घरी जातात. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे मी तपशील फिरवले आहेत. आजार आणि कामं आहेत तशीच आहेत.

ओव्हर झाला की चाव्या मोजायच्या, कात्र्या मोजायच्या, बाथरूमच्या कड्या बाहेरून उघडतात का बघायचं. लिथियम चालू असलेल्या बाईचं रक्त आत्ताच काढायचं, कारण रात्री आठच्या गोळीला बारा तास झालेले असतात. त्याआधी किंवा नंतर काढलं तर पातळीच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

साडेआठ

चहा आणि गोळ्या. गोळी दिली की तोंड उघडायला सांगायचं, जिभेखाली आणि गालात बघायचं. हे मला कधीच आवडलं नाही. पण गालात साठवलेल्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या की न आवडूनही ते करावं लागतं. आधी तिच्याशी दोन शब्द बोलून मग बघावं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

खिडकीजवळच्या काकू चहाला हात लावत नाहीत. चार दिवसांपूर्वी आल्या तेव्हा त्यांच्या केसपेपरवर लिहिलं गेलं होतं, की घरचे चहात काहीतरी घालतात असा त्यांना संशय आहे. हा संशय या आजाराच्या प्रत्येक पुस्तकात असतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन विचारलं, तर ती गडबडली आणि म्हणाली, "घालत होतो ना, सिस्टर. गोळ्या घेतच नव्हत्या. मग पातळ औषध आणलं आणि चहात टाकायला लागलो."

म्हणजे चहात खरंच काहीतरी होतं. शेजारीण त्यांच्या मनातलं ऐकते, हे खरं नव्हतं. दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात, एकाच खात्रीने सांगत होत्या. या वॉर्डात अक्कल लागते ती इथेच. आजारी बाई बोलते ते सगळं आजारच बोलतो असं धरून चाललं की आपलं काम सोपं होतं आणि तिचं नुकसान. सगळंच खरं धरलं तरी नुकसान तिचंच. म्हणून एकेक वाक्य हातात घेऊन तपासायचं, आणि तपासून होईपर्यंत हसायचं नाही.

सुनेला रागावले नाही. घरात रात्र-रात्र न झोपणारं माणूस, दवाखाना तीस किलोमीटरवर, त्यात कोणीतरी सांगितलेला उपाय. आपणही तेच केलं असतं. पण काकूंना खरं सांगायला हवं होतं आणि ते सुनेनेच सांगितलं. त्या दोन तास तिच्याशी बोलल्या नाहीत. आज काकूंचा चहा मी त्यांच्यासमोर किटलीतून दोन कपांत ओतते आणि त्यांना कप निवडायला सांगते. त्यांनी न निवडलेला मी पिते. सरकारी चहा कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

साडेनऊ

राऊंड. मोठे सर, दोन निवासी डॉक्टर, समाजसेवा अधीक्षक मॅडम, मी. मधल्या खाटेवरची बाई आठवड्यापूर्वी आली तेव्हा मॅनियाच्या शिखरावर होती. लिपस्टिकने भिंतीवर हिशेब मांडायची आणि साखर कारखाना काढणार म्हणून आम्हां सगळ्यांना नोकऱ्या वाटायची. मला चीफ अकाउंटंट केलं होतं. "साडेतीन एकर माझ्या नावावर आहे, भाऊ खातोय," हेही तिच्याच तोंडून आलं होतं आणि केसपेपरवर कारखान्याच्या शेजारीच, मोठेपणाच्या भ्रमात जमा झालं होतं.

समाजसेवा अधीक्षक मॅडमनी मोबाइलवर महाभूलेख उघडलं. गट नंबर तिला तोंडपाठ होता. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे भावाबरोबर तिचंही नाव लागलेलं होतं. कारखाना आजारातला होता, एकर नव्हते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने दिला. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची पद्धत त्याने थांबली नाही. आणि बहीण मनोरुग्ण ठरली की तिचं कोण ऐकतं?

दाखल करताना तिचा प्रतिनिधी म्हणून भावाचंच नाव लिहिलेलं होतं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा हे रुग्णाने ठरवायचं आणि तो तिला बदलताही येतो. आज तिने आत्याचं नाव लिहून दिलं. अक्षर अजून मोठं आणि पसरट आहे, पण ओळीत आहे.

साडेदहा

ईसीटी. आज दोघी. एकजण महिनाभर जवळजवळ न खाता-पिता, न बोलता पडून होती. तिला हा पाचवा. बाहेर लोकांच्या डोक्यात अजून सिनेमातला शॉक आहे. इथे भुलीचे डॉक्टर असतात, स्नायू सैल करणारं औषध असतं, वीज काही सेकंद आणि आकडी मिनिटाच्या आत-बाहेर. भुलीशिवाय ईसीटी देण्याला कायद्याने बंदी आहे. तिसऱ्यानंतर तिने पाणी मागितलं होतं. आज शुद्धीवर आल्यावर विचारलं, "माझ्या कुड्या कुठायत?" मी कपाटातली नोंदवही आणून नवऱ्याने नेल्याची सही दाखवली. तिने सही नीट वाचली.

बारा

जीपमधून आणलेली बाळंतीण. बाळ नऊ दिवसांचं. हात साडीच्या काठाने बांधलेले, केस मोकळे, ब्लाउज दुधाने भिजलेला. सोबत नवरा, सासू, आई आणि गावातले दोघे-तिघे. "वात झालाय," आई म्हणते. "बाहेरचं आहे," सासू म्हणते. गाणगापूरला न्यायचं ठरलं होतं, पण वाटेत ती गाडीतून उडी मारायला निघाली म्हणून इकडे वळले.

पहिलं काम गर्दी बाहेर काढायचं. दुसरं हात सोडायचं. ते मी स्वतः करते, गाठ कापत नाही, सोडवते. तेवढ्या वेळात माझं नाव सांगता येतं आणि तिचं विचारता येतं. समोर उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं, दार तिच्या नजरेला मोकळं ठेवायचं. इंजेक्शन देणार असू तर काय देतोय ते आधी सांगायचं, तिला कळत नाहीये असं वाटलं तरी. पूर्वी सर्रास बांधून ठेवत. आता तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि वेळ लिहून. साखळी तर कायद्यानेच बंद आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या जागेला २००१च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत.

ती एकच सांगत होती, "डोक्यात साप फिरतोय, बाळाला चावेल." निवासी डॉक्टर नवीन आहेत, भ्रम लिहून मोकळे होत होते. मी विचारलं, "ताई, डोकं दुखतंय का?" तिने उजव्या कानामागे हात दाबून धरला. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ताप डोक्यात जाऊ शकतो, रक्तदाब चढू शकतो, आणि या सगळ्यांत बाई असंबद्ध बोलते. सापाला औषध द्यायच्या आधी हे बघायचंच असतं. ताप नव्हता, रक्तदाब ठीक. मोठ्या सरांनी स्त्रीरोग विभागाला कळवून स्कॅनला पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं, गुठळी नाही. म्हणजे साप आजाराचाच होता. पण डोकं खरंच दुखत होतं, चार रात्री ती झोपली नव्हती, आणि छाती दुधाने दगडासारखी झाली होती. त्याकडे कोणीच बघितलं नव्हतं, कारण ती "वेड्यासारखी करत होती".

प्रसूतीनंतरचा हा तीव्र आजार हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. उपचाराने उतरतोही चांगला. अडचण बाळाची. तीन वर्षांखालचं मूल आईपासून शक्यतो तोडू नये असं कायदा म्हणतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवायचा स्वतंत्र कक्ष आहे. आमच्याकडे स्टोअररूम रिकामी करून लावलेली एक खाट आहे. बाळ आजीकडे, दर तीन तासांनी आजी घेऊन येते, मी शेजारी बसते, आई पाजते. औषधही अंगावर पाजता येईल असंच निवडलंय. बाळ पहिल्यांदा छातीला लावलं तेव्हा ती म्हणाली, "हे माझं नाही, बदललंय." तरी हात मात्र डोक्याखाली बरोबर गेला.

सासूबाईंनी पदराच्या गाठीतून अंगारा काढला आणि माझ्याकडे चोरट्या नजरेने पाहिलं. लावा म्हटलं. इंजेक्शन दंडात, अंगारा कपाळाला; जागा वेगळ्या आहेत.

दोन

जेवणं आटोपली. संध्याकाळची सिस्टर रजेवर, म्हणून आज आठपर्यंत मीच.

तीन

वेणीफणीची वेळ. तक्त्यावर हिला काही नाव नाही, पण दिवसातली सगळ्यात उपयोगाची वेळ हीच. मावशी तेलाची बाटली घेऊन बसतात, एकीमागे एक बायका बसतात. पूर्वी उवांच्या नावाखाली सरसकट केस कापायचे. आता सक्तीने केस काढता येत नाहीत, अंगावर स्वतःचे कपडे ठेवता येतात. कायद्यातलं हे कलम ज्याने घातलं त्याने कधीतरी एखादी बाई पहिल्यांदा आरशात बघताना पाहिली असणार.

तोंडासमोर तोंड नसलं की बायका बोलतात. मेडिसिन वॉर्डातून बदली होऊन आलेली एक पोरगी आहे, शेतातलं औषध प्यायलेली. पोलिसांना, डॉक्टरांना, सगळ्यांना तिने एकच सांगितलंय, चुकून प्यायले. जबाब देताना सासरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आत्महत्येचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं धरूनच चालावं, त्यापायी त्याला शिक्षा होऊ नये, हे आता कायद्यात आहे. गावात अजून पोचलेलं नाही. आज मावशी भांग पाडत असताना ती म्हणाली, "चुकून नव्हतं." मावशींनी फणी थांबवली नाही. पुढचं सगळं त्यांनीच ऐकलं आणि मग तिला विचारूनच मला सांगितलं. तिची मानसोपचारतज्ज्ञाशी भेट एकटीची ठरवली. सासऱ्याला त्या वेळेला औषधांच्या चिठ्ठीसाठी खाली पाठवायचं काम माझं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून ओरडणं. कालच दाखल झालेली कॉलेजातली मुलगी, मान एका बाजूला वळलेली, डोळे वर. "मान ओढतायत माझी, मागून ओढतायत!" काल दिवसभर ती अशाच कोणाकोणाबद्दल सांगत होती, त्यामुळे आई म्हणाली, "पुन्हा सुरू झालं." पुन्हा नव्हतं. तिला सुरू केलेल्या हॅलोपेरिडॉलने काही जणांच्या मानेचे, जबड्याचे स्नायू असे आखडतात, विशेषतः पहिल्या दोन-चार दिवसांत आणि तरुणांमध्ये. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाच्या आत मान सरळ. तिला सांगितलं, "कोणी ओढत नव्हतं, पण ओढ खरी होती. आमच्या औषधाने झालं. डोस बदलतोय." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आजवर तिचं म्हणणं अर्धं तरी मान्य करणारं कोणी भेटलं नसावं.

पाच

भेटीची वेळ. कारखानेवालीचा भाऊ आला, बरोबर पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद. "बँकेचं आहे, फक्त एक सही." मी म्हटलं, दादा, कागद माझ्याकडे द्या, समाजसेवा अधीक्षक मॅडम बघतील, मग सही. त्याने फोल्डर पुन्हा पिशवीत घातलं आणि केळी ठेवून गेला. केळी बहिणीने सगळ्यांना वाटली. मलाही एक, चीफ अकाउंटंट म्हणून.

साडेसहा

दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. कोणी रडतं, कोणी दाराशी उभं राहून नवरा येणार म्हणतं. टीव्हीवर मालिका लावतो. बाळंतीण अडीच तास झोपली. झोपेच्या तक्त्यावर तेवढा चौकोन निळा केला.

आठ

ओव्हर देते. बाळंतीण: बाळ रात्री एकदा अंगावर, सिस्टर शेजारी असतानाच, डोकं पुन्हा दुखलं तर भ्रम म्हणून सोडू नका, ऑनकॉलला बोलवा. कॉलेजातली: मान, जबडा, जीभ बघत राहा. काकू: चहा समोर ओता. साडेतीन एकरवाली: भाऊ आला तर कागद काउंटरवर. चाव्या बरोबर, कात्र्या बरोबर.

एक राहिलं. बाई आधाराने, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केली की मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला तीन दिवसांत कळवावं लागतं; पुरुष असेल तर सात. उद्यापासून कचेरीला सुट्टी, त्यामुळे बाळंतिणीचं पत्र आजच जायला हवं. प्रिंटरची शाई संपलीय. खाली अपघात विभागात प्रिंटर चालतो म्हणतात. पेन ड्राइव्ह घेऊन तिकडे निघाले.