सामोपचाराचा मार्ग

भंडारा जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील कष्टाळू शेतकऱ्यांनी येथे अनेक तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. तलाव एक आणि बांध्या अनेक; म्हणून पाणी कोणाला, केव्हा व किती द्यावयाचे, याचे नियम गावानेच ठरविले. पाणी सोडण्याचे काम पाणकराकडे असे. गावच्या अशा रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात नोंदल्या जात.

तरीही तंटे होतच. समजा, आश्विनात पावसाने ओढ दिली. धान निसवण्याच्या बेतात असताना वरच्या बांधीच्या शेतकऱ्याने खाली जाणारे पाणी अडविले. खालचा शेतकरी न्यायालयात गेला, तर निकाल लागेपर्यंत धान थांबत नाही. शिवाय निकालात एक जिंकतो व दुसरा हरतो. पण दोघांच्या शेतांमधला धुरा एकच राहतो आणि तलावही एकच राहतो. जन्मभर शेजारी नांदावयाचे, तर केवळ जिंकून भागत नाही.

अशा वेळी दोन मार्ग उपयोगी पडतात. पहिला मध्यस्थीचा. मध्यस्थ स्वतः निकाल देत नाही. तो दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकतो, प्रत्येकाची खरी गरज शोधतो आणि त्यांनाच तोड काढावयास लावतो. एका रात्री वरच्याने, दुसऱ्या रात्री खालच्याने पाणी घ्यावे, असे दोघांनी मान्य केले, की दोन्ही बांध्या वाचतात.

दुसरा मार्ग लवादाचा. येथे दोन्ही पक्ष लेखी कराराने निवाड्याचा अधिकार तिऱ्हाइताकडे सोपवितात. त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. १९९६ च्या कायद्यानुसार लवादांची संख्या सम असता कामा नये. कारण मते समान पडली, तर निवाडाच होणार नाही.

या मार्गांना शासनानेही आधार दिला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोक अदालतींना अधिकार मिळाले. तेथे तडजोड झाल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील करता येत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली व ग्रामसभांनी गावोगावी तंटामुक्त समित्या निवडल्या. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा संमत केला.

मात्र सामोपचाराला काही पथ्ये आहेत. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत तडजोड होऊ शकत नाही. त्यांचा न्याय न्यायालयातच झाला पाहिजे. मध्यस्थ निःपक्षपाती हवा आणि दोघांची संमती मनापासूनची हवी. गावातील बलवानाने दुर्बलाला दटावून गप्प बसविले, तर तंटा मिटल्यासारखा दिसतो; पण अन्याय तसाच राहतो. धनवान व निर्धन, स्त्री व पुरुष, या सर्वांना आपले म्हणणे निर्भयपणे मांडता आले, तरच समेट खरा ठरतो.

तलावाची पाळ फुटली, तर सगळ्या गावाचे धान जाते. ती फुटू नये म्हणून सर्वांनी मिळून माती टाकावयाची असते. गावाचा सलोखाही असाच सर्वांनी मिळून राखावयाचा असतो.