राग आवरत नाही, की आवरायचा नसतो?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. व्हायव्हात एक्स्टर्नलने सगळ्यांसमोर माझी पार लाज काढली. मी मान खाली घालून 'येस सर, सॉरी सर' करत राहिलो. रात्री आईचा फोन आला, "जेवलास का रे?" आणि मी तिच्यावरच ओरडलो. नंतर झोप येईना. राग जर अनावर होता, तर सरांसमोर कसा आवरला?

आपण म्हणतो, माणूस म्हणजे प्रेशर कुकर, वाफ साठली की शिट्टी होणारच. पण समोर कोण आहे हे बघून कुकर शिट्टी देत नाही! बायकोवर हात उगारणारा कितीतरी वेळा साहेबासमोर गप्प बसतो. म्हणजे राग आवरता येतो, घरात तो आवरायची गरज वाटत नाही.

भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना सालोव्ही आणि मेयर यांनी 1990 साली मांडली. 1995 साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. सोप्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्याला लगाम घालणं आणि समोरच्याला काय वाटत असेल ते समजून घेणं. माझ्या रागाखाली खरं तर अपमान होता. तो वेळीच ओळखला असता, तर आईला तसं सांगता आलं असतं.

पण याचा अर्थ मार खाणाऱ्या बाईने नवऱ्याचा मूड सांभाळावा, असा मुळीच नाही. जबाबदारी मारणाऱ्याचीच. तिने 'माझंच काहीतरी चुकलं असेल' यातून बाहेर येणं, ही सावरण्याची पहिली पायरी. ती एकटीने चढणं अवघड.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य सेविका केलं. औषधपाण्याबरोबरच त्यांना स्वतःची किंमत ओळखायला शिकवलं. गावोगावी महिला मंडळं झाली. चारचौघींत दुःख बोललं की लाज निम्मी होते.

कायदाही आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. सततचे टोमणे, अपमान, पैसे अडवणं हीसुद्धा त्यात हिंसाच आहे. मदतीसाठी 181, आणि जीवावर बेतलं तर 112.

दुसऱ्या दिवशी आईला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "अरे, चालतं."

नाही, चालत नाही. आपल्याला तेच तर शिकायचंय.