आमदारसाहेब, यंदा अधिवेशनात काय?

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की मतदारसंघातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. आमदारांचा फोटो, मागे विधान भवन आणि खाली यादी : ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर, रखडलेला कालवा, पीकविम्याचे पैसे, बसस्थानकाची दुरुस्ती. शेवटी ठळक अक्षरांत, ‘हे प्रश्न सभागृहात मांडणार!’ बरेच जण अंगठ्याचं चिन्ह टाकून पुढे सरकतात. थांबा जरा. या यादीतली एकेक ओळ सभागृहात कोणत्या वाटेनं जाते हे कळलं, की तिच्यातली गंमत कळते आणि ताकदही.

चहा एकाचा, बहिष्कार दुसऱ्याचा

अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात आणि विरोधक बहुतेक वेळा त्यावर बहिष्कार घालतात. सत्तेत कोणीही असो, विरोधात कोणीही असो, हा शिरस्ता सहसा मोडत नाही. मग दोन्हीकडे पत्रकार परिषदा होतात. सरकार सांगतं, यंदा ही विधेयकं आणतोय. विरोधक सांगतात, या मुद्द्यांवर जाब विचारू. अधिवेशनाचा खरा आराखडा जनतेला कळतो तो याच संध्याकाळी, म्हणून ती बातमी चहाच्या पुढे वाचावी.

वर्षाचं पहिलं अधिवेशन असेल तर आणखी एक दस्तऐवज मिळतो, राज्यपालांचं अभिभाषण. राज्यघटनेच्या कलम १७६ नुसार ते होतंच. वाचतात राज्यपाल, पण मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. सरकारच्या प्राधान्यक्रमाची अधिकृत यादी हवी असेल तर ती इथं आहे. आणि अधिवेशन लांबवत न्यायची मुभा कोणालाच नाही : कलम १७४ सांगतं, दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये.

पहिल्याच दिवशी अध्यादेश पटलावर का येतात, याचंही कारण घटनेतच आहे. सभागृह भरलं की सहा आठवड्यांत अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं पाहिजे, नाहीतर तो संपतो. एक उदाहरण : डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला. त्या कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले होते.

‘हे खरे आहे काय?’

आता आमदारांच्या यादीकडे वळू. तिच्यातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न. छापील यादीत त्याच्यापुढे चांदणी असते, आणि चांदणी असली की मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. शिवाय उपप्रश्न विचारता येतात, तेही फक्त मूळ प्रश्नकर्त्यालाच नव्हे, इतर सदस्यांनाही. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, उपप्रश्न नाहीत.

या प्रश्नांचा साचा एकदा जवळून बघाच. साधारण असा असतो : अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोरच्या रकान्यात उत्तर : ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. 

कोरडी वाटते ही भाषा, पण मला ती फार मोलाची वाटते. कारण ‘हे खरे आहे’ एवढे तीन शब्द मंत्र्यांच्या नावानं छापले गेले, की रुग्णालयात डॉक्टर नाही ही गोष्ट गावकऱ्यांची तक्रार राहत नाही, ती शासनाची कबुली होते. हे प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी दिवस आधी द्यावे लागतात. म्हणजे आमदारांनी कुठले विषय धरले होते हे ग्रुपवर यादी येण्यापूर्वीच ठरलेलं असतं.

तातडीचं काही घडलं तर लक्षवेधी सूचना. मंत्री निवेदन करतात, त्यावर प्रश्न विचारता येतात. औचित्याचा मुद्दा त्याहून छोटा : मिनिटभरात विषय मांडायचा, मंत्र्यांनी लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ‘सभागृहात आवाज उठवला’ अशी बातमी आली की तो नेमका कुठल्या आयुधानं उठवला, हे पाहायला हवं. तारांकित प्रश्न आणि औचित्याचा मुद्दा यांचं वजन सारखं नाही. सविस्तर चर्चेसाठी विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० वापरला जातो. विरोधकांचा हुकमी एक्का मात्र अधिवेशनाच्या शेवटी चर्चेला येणारा अंतिम आठवडा प्रस्ताव.

आणि मंत्री ‘चौकशी करू’ म्हणाले, मग? विधिमंडळाची आश्वासन समिती असते. सभागृहात दिलेल्या शब्दाचं पुढे काय झालं, याचा माग ठेवणं हे तिचं कामच.

कापसाची माळ आणि पाण्यात गेलेली वीज

हिवाळी अधिवेशन नागपूरलाच का? उत्तर २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख अशा नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. सरकारनं ठरावीक काळ नागपूरला जायचं आणि वर्षातून निदान एक अधिवेशन विदर्भात घ्यायचं, असं ठरलं. १९६० पासून ही प्रथा चालू आहे. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ ला, ती खंडित झाली.

अख्खं सरकार डिसेंबरात गाड्या भरून निघतं. मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर, मंत्री रविभवनात, आमदार सिव्हिल लाइन्सच्या आमदार निवासात. विधान भवनाच्या पायऱ्यांवर कधी कापसाच्या, कधी संत्र्यांच्या, कधी कांद्यांच्या माळा घातलेले आमदार दिसतात. त्या वर्षी कोणत्या पिकाचा भाव कोसळला, हे त्या माळांवरून कळतं.

२०१८ ला पावसाळी अधिवेशनही नागपूरला भरवलं. ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधान भवनाच्या वीजपुरवठ्याच्या यंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबवावं लागलं.

पण नागपूरच्या अधिवेशनाचा खरा अर्थ रस्त्यावरच्या मोर्चांत आहे. दूरदूरच्या तालुक्यांतून माणसं आपलं निवेदन घेऊन येतात, कारण सरकार वर्षातून एकदा त्यांच्या जवळ येतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा एवढीच त्यांची मागणी होती. शहरातल्या उड्डाणपुलाला आज त्या शहीद गोवारींचं नाव आहे. कोणत्याही आमदाराच्या प्राधान्ययादीपेक्षा त्या दिवसाची आठवण मोठी आहे.

एका ठरावातून चवदार तळ्यापर्यंत

एकट्या सदस्याच्या हातात काय असतं, असं कोणी विचारलं तर सीताराम केशव बोले यांचं नाव सांगावं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी ठराव मांडला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. तो संमत झाला. कायदा नव्हता तो, नुसता ठराव. पण त्याच्या आधारानं महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात तिथं पाणी भरता येईना, म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले.

पुढे बाबासाहेब स्वतः मुंबई विधानसभेत निवडून आले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक आणलं. ते सरकारी विधेयक नव्हतं. एका विरोधी सदस्याचं होतं. त्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत येऊन विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. एक तप लागलं. ‘यंदा मांडणार’ या शब्दांमागे कधीकधी एवढी लांब वाट असते, आणि तरीही कोणीतरी पहिला कागद द्यावाच लागतो.

पगारातले २०० रुपये

नोकरदारांनी आपली पगाराची पावती काढून बघावी. ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते : दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ च्या कायद्यानं आला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा!

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातले पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात या कामांवर जगले. १९७७ ला दोन्ही सभागृहांनी कायदा केला, २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला. मागेल त्याला काम, तेही कायद्यानं. २००५ ला संसदेनं देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रानं हे करून दाखवलं होतं. विधान परिषद कशाला हवी, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर पुरतं : पागे.

थोडे आकडे

विधानसभेत २८८ सदस्य. कामकाज चालवायला एक दशांश हवेत, म्हणजे २९. परिषदेत ७८ : आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक संस्थांचे २२, शिक्षक ७, पदवीधर ७, राज्यपालनियुक्त १२. अर्थविधेयक परिषदेला फार तर १४ दिवस थांबवता येतं.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले. एसटीनं प्रवास करायचे. दुष्काळी भागाला टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी हा त्यांचा प्रश्न दर अधिवेशनाला असायचाच. प्राधान्य म्हणावं ते याला.

शेजारच्या गोव्याची विधानसभा मात्र ४० जणांचीच. 

२०११ च्या जनगणनेनं हिशेब केला तर महाराष्ट्रात एका आमदारामागे जवळपास ३ लाख ९० हजार माणसं येतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात प्रतिनिधी ४००, दर प्रतिनिधीमागे साडेतीन हजारांच्या आसपास लोक, आणि मानधन वर्षाला १०० डॉलर. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच नियमित भरतं, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. अशा अमेरिकी राज्य विधिमंडळात आपला मराठी माणूसही बसला आहे : बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात होते, २०२३ पासून ते अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत.

आपल्याकडे आमदारामागे चार लाखांच्या घरात माणसं आहेत, म्हणून प्रत्येकाशी बोलणं त्यांना शक्य नाही. पण लेखी विचारलेलं टाळणं त्यांना अवघड जातं. तेव्हा पुढच्या वेळी अधिवेशनाची यादी ग्रुपवर आली की नुसता अंगठा टाकू नका, तिच्याखाली नम्रपणे लिहा : साहेब, यातला तारांकित कुठला, लक्षवेधी कुठली, प्रश्न क्रमांक काय? आणि अधिवेशन संपलं की पुन्हा विचारा, उत्तर काय आलं? सभागृहाची कार्यवाही विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतच असते. आपल्या तालुक्याचं नाव तिथं शोधा, सापडलेलं पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.