‘केबिन साइज’ म्हणजे नेमकी कुणाची?

परदेशवारीचं तिकीट निघालं की घरात पहिला ठराव मंजूर होतो तो नव्या ट्रॉलीबॅगेचा. जुनी लहान पडते, जरा मोठी घेऊ. दुकानदारही हँडलला लटकवलेला पुठ्ठा पुढे करतो: ‘केबिन अप्रूव्ह्ड’. अप्रूव्ह कुणी केली, हे मात्र त्या पुठ्ठ्यावर नसतं. असणार कसं? बॅगांना सरसकट मान्यता देणारी संस्थाच जगात नाही.

प्रयत्न झाला होता. विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘आयाटा’ हिने जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० सेंमी हे माप सुचवून ‘केबिन ओके’ अशी खूण आणायचं ठरवलं. आत्ता चालतात त्यापेक्षा बॅगा लहान होणार म्हणून अमेरिकेत ओरड झाली आणि त्याच महिन्यात योजना बासनात गेली. तेव्हापासून ज्याचं त्याचं माप वेगळं ते वेगळंच.

तरीही ‘अहो, आमच्या मेव्हण्यांची गेली की!’ हा पुरावा दर वेळी ऐकावा लागतो. गेली असेल, त्या दिवशी कुणी मापली नसेल. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५. युरोपात रायनएअर जादा पैसे घेऊन जी मोठी बॅग आत नेऊ देते, तिचं ५५ × ४० × २०. लांबी, रुंदी आणि जाडी मिळवली तर दोन्हींची बेरीज ११५ सेंमीच येते. पण विमानतळावरच्या बॅग मापायच्या लोखंडी सांगाड्याला बेरीज कळत नाही. मुंबई-दिल्लीला बिनबोभाट गेलेली २५ सेंमी जाडीची बॅग डब्लिनला रायनएअरच्या सांगाड्यात पाच सेंमीने अडते. दोन्हीकडे चालेल अशी बॅग हवी असेल, तर उत्तर येतं ५५ × ३५ × २०. म्हणजे २०१५ साली नाकारलेलंच माप!

आणि ही मापं चाकं, हँडल, बाहेरचे खिसे धरून असतात. ‘२० इंची’ म्हणजे सुमारे ५१ सेंमी. तो आकडा बरेचदा नुसत्या खोक्याचा असतो. दुकानात टेप मागून जमिनीपासून मिटलेल्या हँडलच्या टोकापर्यंत मापावं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्यावं.

मापापेक्षा वजन जास्त नडतं. भारतीय कंपन्यांच्या इकॉनॉमीत हातबॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते. कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. त्यात लॅपटॉप आणि चार्जरचे दोन किलो धरले की कपड्यांना उरतात जेमतेम दोन-अडीच किलो. तेवढे कपडे जुन्या बॅगेतही मावत होते! मोठी बॅग घेतली की जागा वाढते, परवानगी वाढत नाही. वर बॅगेचं स्वतःचं वजन तेवढं वाढतं.

मग मोठी घ्यायचीच नाही का? घ्यावी, तिकीट तसं असेल तर. ब्रिटिश एअरवेज ५६ × ४५ × २५ ची, तब्बल २३ किलोपर्यंतची बॅग आत नेऊ देते. अमेरिकेत डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्या माप बघतात, वजनाची अट सहसा घालत नाहीत. पण पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा असेल, तर सर्वांत कडक नियम असलेल्या कंपनीचं माप धरूनच बॅग घ्यावी लागते.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. चेन उघडून बॅग फुगवता येते, हे खरं. पण फुगवली की ती केबिनची राहत नाही. मऊ कापडी बॅग दाबून सांगाड्यात बसते, काट्यावर मात्र दाबून काही होत नाही. माप बरोबर असलं की वर जागा मिळतेच, असंही नाही: एटीआरसारख्या छोट्या विमानांचे कप्पे लहान असतात आणि ट्रॉली दारातच काढून घेतली जाऊ शकते. तशी वेळ आली तर बॅग हातची सोडण्याआधी पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या बाहेर काढाव्या लागतात, कारण त्या सामानकक्षात न्यायला बंदी आहे.