संशयाचा क्रम

प्रोग्राम चुकीचं उत्तर देऊ लागला की नवखा प्रोग्रामर कंपायलरवर खापर फोडतो. मुरलेला आधी स्वतःचा कोड तपासतो. यामागे साधा संभाव्यतेचा हिशेब असतो. कंपायलर हजारो लोकांच्या वापरातून तावून-सुलाखून निघालेला असतो, आपला कोड काल रात्री लिहिलेला! पण पुरावे उलट बाजूला साठू लागले, तर हा हिशेब बदलावा लागतो.

१९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या (११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या) व्यस्तांची बेरीज करत होते. मार्चमध्ये त्यांनी या कामाला एक नवा पेंटियम संगणक जोडला. जूनमध्ये उत्तरं जुळेनाशी झाली. पुढचे काही महिने नाइसली एकेक संशयित बाद करत गेले: प्रोग्राममधलं तर्कशास्त्र, कंपायलर, मदरबोर्ड. शेवटी बोट ठेवता येईल अशी एक संख्या हाती लागली, ८२४६३३७०२४४१. एकला तिने भागलं की आठव्या सार्थ अंकापुढचं सगळं चूक येत होतं.

खरी गंमत पुढच्या तपासण्यांत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेंटियम यंत्रांवर तीच चूक दिसली. जुन्या ४८६ चिपवर ती कुठेच नव्हती. पेंटियममधलाच दशांश गणिताचा विभाग बंद केला, तर वेग सुमारे दहापटीने घटला, पण चूक नाहीशी झाली. यातली कुठलीही तपासणी उलटली असती, तर चिपवरचा आरोप तिथेच कोसळला असता. अशा, स्वतःलाच तोंडघशी पाडू शकणाऱ्या चाचण्या रचणं हेच डिबगिंगचं मर्म, असं मला वाटतं. ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ या धडपडीतून बग कधीकधी पळतो, पण का पळाला ते कळत नाही.

दोष होता भागाकाराच्या तक्त्यात. ही चिप भागाकाराचा पुढचा अंक एका तक्त्यात पाहून ठरवत असे. त्यात १०६६ घरं भरायची होती. ५ रिकामी राहिली.

पेंटियम बनवणाऱ्या इंटेलचं म्हणणं पडलं की सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने हिशेब मांडला, २४ दिवसांतून एकदा! गुणाकार दोघांचेही बरोबर असावेत. फरक गृहीतकांत होता. इंटेलने दिवसाला हजारभर भागाकार धरले होते, तेही कुठल्याही यादृच्छिक संख्यांचे. आयबीएमने स्प्रेडशीटवर दिवसाला पंधरा मिनिटं आकडेमोड करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला. (आयबीएम स्वतः प्रतिस्पर्धी चिपच्या धंद्यात होती, हेही वाचकाने ध्यानात ठेवावं.) २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला.