वणीच्या वाटेवर बर्फ आणि आग

सुट्ट्या जवळ आल्या की मुले मोबाइलवर दूरदूरच्या देशांचे व्हिडिओ पाहू लागतात. सध्या आइसलँडची चलती आहे. त्या बेटाला वळसा घालणारा सुमारे १३०० किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला हिमनदी, दुसऱ्या बाजूला ज्वालामुखीचा काळा खडक. "अब्बू, आपण कधी जायचं?" या प्रश्नाला पगारदार माणसाकडे उत्तर नसते. पण वणी आणि आसपासच्या कुटुंबांनी या मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. हिमनदी आणि ज्वालामुखी या दोन्हींच्या खुणा आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ आहेत. बर्फ केव्हाच वितळला, आग केव्हाच विझली, दगडांवर मात्र दोघांची सही राहिली आहे.

आधी बर्फाची वाट धरू. वणीहून पैनगंगा ओलांडून कोरपन्याकडे गेले की चंद्रपूर जिल्हा लागतो. या पैनगंगेच्या खोऱ्यात इरई नावाचे गाव आहे. (चंद्रपूरजवळची इरई नदी आणि तिच्यावरचे धरण वेगळे.) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फेडन १८७२ मध्ये या भागात फिरत असताना त्यांना चुनखडीच्या खडकावर लांबच लांब, एकमेकांना समांतर ओरखडे दिसले. त्यावर बारीक मातीत रुतलेल्या लहानमोठ्या गोट्यांचा थर होता. विदर्भाच्या उन्हात उभे राहून त्यांनी ओळखले की हे काम बर्फाचे आहे.

हे कसे ओळखतात, ते मुलांना सहज समजते. नदी दगड निवडून ठेवते. जड गोटे आधी टाकते, वाळू पुढे नेते, गाळ त्याहून पुढे. बर्फाला अशी निवड जमत नाही. तो हंड्याएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकत्रच ओढत नेतो आणि वितळला की एकाच ढिगात सोडतो. त्याच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडत जातात आणि ओल्या रानात दंताळ्याचे दात उमटावेत तशा रेघा पडतात.

मग पंचेचाळीस अंश तापणाऱ्या या मुलखात बर्फ आला कुठून? सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका तिला जोडलेले होते. त्या खंडांवरही त्या काळातल्या बर्फाच्या अशाच खुणा सापडतात आणि खंड सरकतात हे पटवून देताना वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचाच आधार घेतला. त्या प्राचीन महाखंडाला जग गोंडवाना म्हणते. आपल्या शेजारच्या गोंड बांधवांच्या मुलखाचे नाव साऱ्या जगाच्या पुस्तकात गेले आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा.

बर्फ वितळल्यावर तिथे दलदल झाली, जंगले वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. राजूर, उकणी, घुग्घुस इथला कोळसा त्या जंगलांचा आहे. वणी परिसरातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. कोरपना तालुक्यातले सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे राहिले, ती तर कोळशाहूनही कितीतरी जुनी आहे.

आता आगीची वाट. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डी इथे काही वर्षांपूर्वी रस्त्याचे काम सुरू असताना दगडाचे कोनदार खांब उघडे पडले. कोणी घडवून एकमेकांशेजारी रचावेत, असे दिसणारे. घरातले उर्दू वाचणारे वडीलधारे ज्वालामुखीला आतिश-फिशाँ म्हणतात, म्हणजे आग उधळणारा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या आगीने निम्म्याहून अधिक महाराष्ट्र झाकून टाकला. आटलेल्या तलावाचा चिखल जसा आकसून तडकतो, तसा लाव्हा थंड होताना आकसला, तडे वरून खाली गेले आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. पऱ्हाटीला मानवणारी आपली काळी माती याच खडकाच्या झिजेतून झाली आहे.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. ज्या खोदकामामुळे हे खांब दिसले, त्याच खोदकामात ते फुटूही शकतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची अशाच खांबांची सुमारे २०० फूट उंच टेकडी आहे. तिच्या भोवतालचा खडक खाणकामात गेला, आज ती इमारतींच्या गराड्यात एकटी उभी आहे. गिट्टीशिवाय घर होत नाही आणि आपल्यातलेच अनेक भाऊ ट्रक, क्रशर आणि बांधकामावर पोट भरतात. खदानी बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पण गिट्टी दुसऱ्या टेकडीतूनही मिळते. हे खांब आणि हे ओरखडे एकदा फुटले की पुन्हा होणार नाहीत. ग्रामसभेत ठराव मांडणे, शाळेची सहल तिकडे नेणे, ठेकेदाराला दोन शब्द समजावून सांगणे, एवढे आपल्या हातात आहे.

जायचे असेल तर हिवाळ्यातले दोन रविवार ठेवा. दोन्ही वाटा एकाच दिवसात उरकू नका. सकाळी लवकर निघा, डबा आणि भरपूर पाणी सोबत घ्या, जोहरच्या नमाजची सोय वाटेतल्या मोठ्या गावात पाहून ठेवा. जागा सापडली नाही तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. शेतातून जाण्याआधी मालकाची परवानगी घ्या. कोळसा खाणीच्या हद्दीत आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर मुलांना जाऊ देऊ नका. ते ढिगारे घसरतात. वही-पेन्सिल न्या, चित्र काढू द्या. दगड मात्र घरी आणू नका. आज आपण एक तुकडा उचलला, तर उद्या येणाऱ्या मुलांना पाहायला काय उरेल?